अडकित्ता की अक्रोड फोडायचा चिमटा?

जुन्या वस्तूंच्या ढिगातून दोन दांड्यांचं एक जड, नक्षीदार पितळी हत्यार हाती लागतं आणि त्याला अडकवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, 'नटक्रॅकर'. बऱ्याचदा तो आपला अडकित्ता असतो. ही गल्लत मला फार खटकते, कारण दोघांची कामं अगदी उलट आहेत. अक्रोडाचं कवच तडकवायचं आणि आतला गर शक्यतो अख्खा काढायचा. सुपारीचं साल मात्र आधीच सोललेलं असतं. अडकित्त्याने कातरायची ती टणक सुपारीच, कुणाला खांडं हवीत, कुणाला पातळ काप.

नक्षीवर जाऊ नका. आपल्याकडे मोर, पोपट, घोड्याच्या आकाराचे अडकित्ते घडले, तसे एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत ओतीव लोखंडाचे कुत्रे निघाले. त्यांची शेपटी दाबली की जबडा मिटतो आणि अक्रोड फुटतो. रचनाही फसवते. अडकित्ता असो वा साधा चिमटा, खिळा एका टोकाला, जोर दुसऱ्या टोकाला आणि मधे ती बिचारी सुपारी किंवा अक्रोड.

म्हणून तोंड उघडून आत पाहा. अडकित्त्याच्या एकाच दांड्याला पातं असतं. समोरची बाजू बोथट, सुपारी टेकवण्यापुरती. बाकी अंग पितळेचं असलं तरी पातं लोखंडाचं किंवा पोलादाचं, कारण पितळेची धार सुपारीपुढे टिकत नाही. पिवळ्या अंगात मधेच ती काळपट, गंजाची पट्टी दिसली की माझी तरी शंका फिटते. फक्त बोट जपून फिरवा, जुनी धारही कापते. अक्रोडाच्या चिमट्यात धार कुठेच नसते. दोन्ही जबड्यांवर आडव्या खाचा किंवा दाते असतात, गुळगुळीत कवच निसटू नये म्हणून.

दोन्ही बाजूंना धार असेल आणि टोकं आत वळून एकमेकांना भिडत असतील, तर मात्र हे तिसरंच काही आहे: साखरेचा चिमटा. युरोपात साखर कडक सुळक्याच्या रूपात मिळायची, तिचे तुकडे याने तोडत. चौकोनी साखरवड्यांचं पेटंट 1843 मधलं. त्या वड्या घरोघरी पोचल्यावर या चिमट्याचं काम संपत गेलं.