पिरॅमिड गुलामांनी बांधले? नाही हो!

गिझाचा मोठा पिरॅमिड चाबकाचे फटके खाणाऱ्या गुलामांनी बांधला हे सिनेमात इतक्यांदा बघितलंय की तेच खरं वाटतं, पण पुरावे वेगळंच सांगतात. १९९० मध्ये पिरॅमिडजवळच कामगारांच्या कबरी सापडल्या, मेल्यानंतरच्या आयुष्यात उपाशी राहू नये म्हणून भाकरी आणि बिअरची भांडी सोबत ठेवलेली, आता सांगा, देव मानलेल्या राजाच्या शेजारी गुलामांना असा मान कोण देईल? काहींची मोडलेली हाडं नीट जुळून आलेली दिसतात, म्हणजे उपचारही व्हायचे. आणि २०१३ मध्ये तर तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला, ज्याचा हा पिरॅमिड त्याच खुफू राजाच्या काळातले पपायरसच (लव्हाळ्यापासून केलेले कागद) मिळाले, त्यात मेरेर नावाच्या मुकादमाने रोजच्या नोंदी ठेवल्यात, तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड आपल्या माणसांनी नाईलवरून बोटीने गिझाला कसा पोचवला ते सगळं, साडेचार हजार वर्षांपूर्वीचं! मला तर हे कुठल्याही खजिन्यापेक्षा मोठं वाटतं. सगळे हौसेने आले असं नाही, सरकारी वेठ असणारच, पण वेठ वेगळी आणि विकत घेतलेला गुलाम वेगळा. काहीजण बायबलमधले इस्रायली गुलाम इथे चिकटवतात, पण त्या गोष्टीत पिरॅमिडचं नावसुद्धा नाहीये.