फोन हँग होतो तेव्हा शरीरात काय होतं?

ऑगस्ट 2021मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल सरकारलाच परत केले. फोन 2 जीबी रॅमचे, सतत हँग होणारे, वॉरंटी संपलेले. त्यावर चालवायचं ‘पोषण ट्रॅकर’, म्हणजे आहारवाटपाच्या आणि मुलांच्या वजनाच्या नोंदी भरायचं सरकारी ॲप, तेही सुरुवातीला इंग्रजीतून. ‘या बायकांना तंत्रज्ञान झेपत नाही,’ असा शेरा तेव्हा माझ्याही कानावर आला. तो मला अजून सलतो.

‘टेक्नोस्ट्रेस’, म्हणजे तंत्रज्ञानामुळे येणारा ताण, हा शब्द अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रेग ब्रॉड यांनी 1984मध्ये रूढ केला. नव्या संगणकाशी नीट जुळवून न घेता आल्याने होणारा आजार, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे उणीव माणसात. मला त्याआधीचं, 1979चं रॉबर्ट कारासेक यांचं संशोधन जास्त पटतं. नुसतं काम जास्त असल्याने माणूस खचत नाही. कामाचा रेटा मोठा आणि ते कसं, कधी करायचं हे ठरवायची मुभा मात्र नाही, अशा जागी तो खचतो.

आमच्या गावच्या अंगणवाडीत पोषण आहार वाटायचा दिवस बघा. कडेवर मूल घेतलेली बाई दारात उभी. चेहऱ्यावरून ओळख पटवायची म्हणून ताई, म्हणजे सेविका, फोन तिच्या तोंडासमोर धरते. ‘डोळे मिचकव गं. पुन्हा मिचकव.’ पडद्यावर चक्र फिरत राहतं. ओटीपी जातो तो नवऱ्याच्या मोबाईलवर, आणि नवरा गेलाय ऊसतोडीला. मागे अजून सात-आठ जणी. आहाराचं पाकीट समोर आहे, बाई ओळखीची आहे, तरी ताईच्या हातात काही नाही.

अशा वेळी मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसोल रक्तात उतरतात, छाती धडधडते, खांदे ताठ होतात. कुत्रं मागे लागलं तर याचा उपयोग असतो. आपण पळतो, कुत्रं मागे राहतं, शरीर निवतं. इथे पळायला जागाच नाही. एरवी सकाळी चढलेलं कॉर्टिसोल रात्रीपर्यंत उतरायला हवं, पण रात्री ग्रुपवर मेसेज येतो, ‘माहिती आजच भरा.’ मग झोपेची वेळ होते तरी शरीर सावधच.

लक्षाचीही अशीच ओढाताण होते. काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक तुकडा पहिल्यातच अडकून राहतो, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009मध्ये दाखवलं. ताई बाळाला काट्यावर ठेवते तेव्हा अर्धं चित्त मघाच्या न गेलेल्या नोंदीत असतं. कुपोषण ओळखायचं तर काट्यावरचा तो आकडा बिनचूक वाचावा लागतो, म्हणून मला याची जास्त काळजी वाटते.

कॅलिफोर्नियातल्या संशोधक ग्लोरिया मार्क यांनी 2012मध्ये 13 कर्मचाऱ्यांचा ईमेल पाच दिवस बंद ठेवला. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर निरोगी माणसात थोडंथोडं बदलत असतं, तणावात ते एकसुरी होतं. ईमेल थांबल्यावर त्यांच्या ठोक्यांतला एकसुरीपणा कमी झाला. हे बंद करणं कर्मचाऱ्याच्या एकट्याच्या निर्धारावर सोडलेलं नव्हतं, त्याची मुभा कामाच्या जागेनेच दिली होती. सेविकेला ‘प्राणायाम करा’ सांगणाऱ्या प्रशिक्षणात नेमकं हेच विसरलं जातं.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने 2017पासून कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. आणि झाला असता तरी सेविका कागदोपत्री मानधनावरच्या ‘मानसेवी’. त्यांची कामाची वेळ नेमकी कुठे संपते, हा प्रश्न उरलाच असता.

खरं तर सेविकांच्या मागण्या साध्या आहेत: नेटवर्क नसताना नोंद फोनमध्येच जपली जावी, आणि जे ॲपवर भरलं ते पुन्हा रजिस्टरात मागू नये. आज आमची ताई दिवसभराचं सगळं आधी वहीत लिहिते. संध्याकाळी चूल उरकून पाण्याच्या टाकीपाशी चढते, कारण गावात रेंज तिथेच मिळते. एकेक नाव वाचते, भरते, चक्र थांबायची वाट बघते.