लढायला नकार देणाऱ्या सैनिकाला परदेशात आश्रय : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

पाचोऱ्याचा माझा भाचा जर्मनीत शिकतो. त्याच्या शेजारी राहणारा एक रशियन तरुण युद्धावर जायचं नाही म्हणून देश सोडून आलाय. "मामा, त्याले अर्जासाठी कोणते कागद लागतीन?" भाच्याने फोनवर विचारलं. मी जळगावला वकिली करतो. त्याला जे सांगितलं तेच इथे देतो. बाहेर शिकणाऱ्या आपल्या आणखी कुणाला असा शेजारी भेटला तर कामी येईल.

सैन्य सोडलं की आश्रय मिळतो, असं नाही. १९५१ च्या निर्वासित करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची रास्त भीती असावी लागते. नुसती मरणाची भीती किंवा पळून गेल्याची नेहमीची शिक्षा यात बसत नाही. मात्र युद्धगुन्ह्यात हात घालावा लागणार असेल, किंवा सद्सद्विवेकाने नकार देणाऱ्याला पर्यायी सेवा न देता कठोर शिक्षा होत असेल, तर दावा उभा राहतो.

दोन निकाल लक्षात ठेवा. आंद्रे शेफर्ड हा अमेरिकन सैन्यात अपाचे हेलिकॉप्टरचा मेकॅनिक. इराकला पुन्हा जायला लागू नये म्हणून २००७ मध्ये त्याने जर्मनीतली आपली तुकडी सोडली. २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की प्रत्यक्ष न लढणाऱ्यालाही संरक्षण मिळू शकतं. पण युद्धगुन्हे घडण्याची दाट शक्यता दिसली पाहिजे आणि सैन्यातूनच सूट मागण्याचा मार्ग उपलब्ध असेल तर तो आधी वापरलेला असावा. २०२० मध्ये सीरियाच्या एका तरुणाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं, की जिथे नकार नोंदवायची सोयच नाही, तिथे तो नोंदवला नाही म्हणून दावा नाकारता येत नाही. म्हणूनच 'तुझ्या देशात सुटकेचा मार्ग होता का' याचं उत्तर आधी तयार हवं.

अशा माणसाला भेकड म्हणू नये. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीता सांगणारे विनोबा १९४० मध्ये पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले, ते युद्धाविरुद्ध बोलूनच.

कागदांत पासपोर्ट, लष्करी ओळखपुस्तिका, भरतीची नोटीस, बदलीचे हुकूम, समन्स, आणि नकार दिल्याचे मेसेज किंवा पत्रं, जे असेल ते मूळ स्वरूपात न्यावं. काहीच नसेल तरी अर्ज करता येतो. खोटा कागद मात्र एकही नको. त्या एकापायी खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. कागद मिळवायला स्वतःच्या देशाच्या वकिलातीत जाऊ नये, आणि घरच्यांना धोका होईल असं काही मागवू नये.

जर्मनीत अर्ज तिथे पोहोचल्यावरच करता येतो, वकिलातीतून नाही. नोंदणी, बोटांचे ठसे, मग तात्पुरत्या वास्तव्याचा कागद. आधी दुसऱ्या युरोपीय देशात ठसे दिले असतील तर प्रकरण त्या देशाकडे जाऊ शकतं. खरी कसोटी मुलाखतीची. दुभाषा सरकार देतं. तारखा, तुकडी, कोणता हुकूम आला, मनात काय झालं, कुणाला सांगितलं, हे सगळं क्रमाने सांगावं. पाठ केलेलं भाषण नको. नोंदवलेला जबाब आपल्या भाषेत वाचून घ्यावा आणि चूक तिथेच दुरुस्त करून घ्यावी. नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' हे पटवणं फार जड जातं. स्वतः युद्धगुन्हा केलेल्याला निर्वासित दर्जा मिळत नाही.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा स्वतंत्र कायदाही नाही. म्यानमारसारख्या देशांतून आलेल्यांची नोंदणी दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय करतं. सैनिक असेल तर त्याने शस्त्र आणि लष्करी काम कायमचं सोडलेलं असलं पाहिजे.

अर्ज नाकारला गेला तर कोर्टात जायची मुदत निकालाच्या कागदावरच लिहिलेली असते, आणि ती अगदी थोड्या दिवसांची असते. भाच्याला म्हटलं, पाकीट आलं की त्याच दिवशी त्याच्याबरोबर वकिलाकडे जा.