विद्यार्थी पत्रकारिता : मुद्रणस्वातंत्र्य आणि सेन्सॉरशिप

शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी चालविलेल्या नियतकालिकांत काय छापावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाभोवतीचा कायदा आणि व्यवहार. खासगी वृत्तपत्राच्या मालकाने मजकूर गाळला, तर तो त्याचा हक्क मानला जातो. सरकारने गाळला, तर ती सेन्सॉरशिप ठरते. सरकारी शाळेचा मुख्याध्यापक मात्र एकाच वेळी प्रकाशक, शिक्षक आणि शासनाचा प्रतिनिधी असतो, आणि लेखावर फुली मारताना तो यांपैकी कोणत्या नात्याने वागला, यावरच बहुतेक वाद उभे राहिले आहेत.

या प्रश्नाचा न्यायालयीन ऊहापोह विशेषतः अमेरिकेत झाला. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळ्या फिती बांधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टिंकर खटल्यात (१९६९) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की शाळेच्या कामकाजात मोठा व्यत्यय येत नसेल किंवा इतरांच्या हक्कांवर आक्रमण होत नसेल, तर विद्यार्थ्यांची अभिव्यक्ती रोखता येत नाही. पुढे मिसूरी राज्यातील हेझलवूड ईस्ट या शाळेत मुख्याध्यापकांनी मे १९८३ मध्ये ‘स्पेक्ट्रम’ या विद्यार्थी-वृत्तपत्राची दोन पाने काढून टाकली. आक्षेप होता तो विद्यार्थिनींच्या गर्भारपणावरील आणि पालकांच्या घटस्फोटावरील अशा दोन लेखांना. पण पाने सबंध गेल्यामुळे त्यांवरील निरुपद्रवी मजकूरही गेला. टोपणनावे वापरूनही मुली ओळखू येतील आणि घटस्फोटाच्या लेखात टीका झालेल्या वडिलांना आपली बाजू मांडता आलेली नाही, ही मुख्याध्यापकांची कारणे होती. ती क्षुल्लक म्हणता येणार नाहीत. मात्र अशा त्रुटी लेखकाकडून दुरुस्त करून घेणे हेच एरवी संपादकाचे काम असते. न्यायालयाने १९८८ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. वृत्तपत्र वर्गातील अभ्यासक्रमाचा भाग असल्यामुळे रास्त शैक्षणिक हेतूंशी सुसंगत असे नियंत्रण शाळेला ठेवता येते, असे बहुमत होते, न्या. ब्रेनन यांनी भिन्नमतपत्रिका लिहिली.

‘रास्त शैक्षणिक हेतू’ ही कसोटी इतकी सैल आहे, की शाळेची अब्रू राखण्यासाठी केलेली काटछाटही तिच्या आडून खपवता येते. त्यामुळे अनेक राज्यांनी स्वतंत्र कायदे करून विद्यार्थी-संपादकांना अधिक संरक्षण दिले. कॅलिफोर्नियाचा कायदा तर १९७७ पासूनचा, म्हणजे या निकालाच्याही आधीचा आहे. अश्लील, बदनामीकारक किंवा चिथावणीखोर मजकूर त्याच्या संरक्षणात येत नाही. महाविद्यालयांचा प्रश्न हेझलवूड निकालाने खुला ठेवला होता. २००५ मध्ये सातव्या सर्किटच्या (काही राज्यांचा मिळून केलेल्या संघीय न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने तीच चौकट विद्यापीठीय वृत्तपत्रालाही लागू होऊ शकते असे ठरविल्यावर त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातील इलिनॉय राज्याने २००७ मध्ये महाविद्यालयीन वृत्तपत्रांसाठी वेगळा कायदा केला.

प्रत्यक्षात लाल शाईची गरज क्वचितच भासते. अनुदान कमी करणे, अंकाचे वितरण थांबविणे किंवा मार्गदर्शक शिक्षकाची बदली करणे पुरेसे होते. यांतला शेवटचा उपाय सर्वांत परिणामकारक ठरतो, कारण विद्यार्थी दरवर्षी बदलतात, तर शिक्षकाला तिथेच नोकरी करायची असते. म्हणून काही राज्यांनी कायद्याचे संरक्षण मार्गदर्शकांपर्यंत वाढविले आहे. खासगी शिक्षणसंस्था ही शासनाची अंगे नसल्यामुळे अमेरिकी संविधानातील पहिली दुरुस्ती (शासनाला भाषण व मुद्रणस्वातंत्र्यावर गदा आणण्यास मनाई करणारी तरतूद) त्यांना बांधत नाही, आणि तेथील विद्यार्थ्यांची भिस्त मुख्यतः संस्थेच्या लिखित धोरणावर राहते.