परीक्षक कोण? हा वाद फार जुना आहे

लेखन आणि फोटोच्या प्रादेशिक स्पर्धेचे परीक्षक जाहीर झाले की पहिला प्रश्न ठरलेला, हे कोणाच्या ओळखीचे? प्रश्न रास्तच आहे, आणि अडीच हजार वर्षांपूर्वीही लोकांना पडत होता. ग्रीसच्या अथेन्समध्ये डायोनिसस या देवाच्या उत्सवात नाटकांच्या स्पर्धा व्हायच्या, तिथे नागरिकांच्या दहा गटांतून प्रत्येकी एक असे दहा परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडायचे, नावांचे कलश आधीच सील केलेले, आणि दहाही जणांनी मत दिलं तरी त्यातली पाचच मतं उचलून निकाल लावायचे असं अभ्यासक सांगतात. म्हणजे एखाद्या परीक्षकाला पैसे चारले तरी त्याचं मत मोजलं जाईल याची खात्री नाही! मला ही युक्ती आजही जबरदस्त वाटते.

लेखनात नाव झाकायची पद्धत रुजवली ती युरोपातल्या अकादमींनी, म्हणजे विद्वानांच्या संस्थांनी. निबंधावर नाव नाही, फक्त एक बोधवाक्य, आणि सोबत बंद पाकीट, नाव त्याच्या आत. फ्रान्समधल्या दिजोंच्या अकादमीने १७५० चं बक्षीस पुढे मोठा विचारवंत ठरलेल्या रूसोला दिलं तेव्हा तो फारसा कोणाला माहीतही नव्हता, नाव बघून निकाल लागला असता तर काय झालं असतं कोण जाणे.

फोटोवाल्यांना तर आधी कला म्हणून मान्यता मिळवायलाच झगडावं लागलं. पॅरिसमध्ये १८५९ ला मुख्य कलाप्रदर्शनाशेजारी फोटोंना जागा दिली खरी पण जायचं दार वेगळं. मग १८९१ ला व्हिएन्नात हौशी फोटोग्राफरांच्या क्लबने प्रदर्शन भरवलं आणि निवड करायला चित्रकार-शिल्पकार बसवले, त्यांनी चार हजारांच्या आसपास फोटोंमधून सहाशे निवडले, निकष एकच, कला म्हणून उभा राहतो का.

दोन्हीकडचं काम मात्र अजूनही वेगळ्या पद्धतीने चालतं. फोटोला बऱ्याच ठिकाणी तीन परीक्षक शेजारी बसतात, स्क्रीनवर फोटो काही सेकंद दिसतो, बटण दाबून मार्क, पुढचा. कथांचा गठ्ठा घरी जातो आणि प्रत्येकजण एकटा वाचतो. नंतर मार्कांची बेरीज, आणि खरी गडबड तिथे होते, कारण ९, ९, ३ मिळालेली कथा आणि ७, ७, ७ मिळालेली कथा दोन्ही २१ वर येतात, पण पहिलीने दोघांना हलवलंय आणि तिसऱ्याला अजिबात पटलेली नाहीये. अशा वेळी परीक्षकांनी एकत्र बसून बोलायलाच हवं, नुसती बेरीज करून निकाल लावणं हा लेखकावर अन्याय आहे.

अलीकडे परीक्षकांवर तपासणीचं कामही आलंय. वर्ल्ड प्रेस फोटो या बातमी-फोटोंच्या जागतिक स्पर्धेत २०१५ ला शेवटून दुसऱ्या फेरीतले २० टक्के फोटो एडिटिंगमुळे बाद झाले, आणि २०२३ ला सोनीच्या फोटो स्पर्धेत निवडलेलं चित्र एआयने बनवल्याचं सांगून त्या कलाकारानेच बक्षीस नाकारलं. त्यामुळे ओरिजिनल फाइल मागणं आता गरजेचंच झालंय.

प्रादेशिक स्पर्धेत तर नाव झाकूनही भागत नाही, कारण परीक्षक तिथलाच असेल तर दोन परिच्छेदांत शैली ओळखतो आणि फोटोतली टेकडी बघून कोण रोज तिकडे कॅमेरा घेऊन जातं हेही त्याला माहीत असतं. पण सगळे बाहेरचे आणले तर बोलीतली खुमारी त्यांना कळत नाही. म्हणून माझं मत, लेखनाला आणि फोटोला वेगळे परीक्षक, दोन्हीकडे निदान एक बाहेरचा, आणि ज्याचा विद्यार्थी किंवा नातेवाईक स्पर्धेत असेल त्याने ती प्रवेशिका आली की बाजूला व्हायचं, हे नियमातच लिहून टाकावं.