कॅल्क्युलेटरच्या यादीपासून 'आर'पर्यंत: लॉस एंजेलिसच्या वर्गांतल्या डेटा सायन्सची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या शाळांत एपी स्टॅटिस्टिक्सची, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज-पातळीच्या संख्याशास्त्राची, पहिली परीक्षा 1997 मध्ये झाली. त्या काळी वर्गात साधन होते टीआय-83, म्हणजे आलेख काढणारा कॅल्क्युलेटर. त्याच्या एका यादीत फार तर 999 नोंदी मावत, आणि त्याही फक्त आकड्यांच्या. 'मुलगी', 'चिप्स', 'भूक नव्हती तरी खाल्ले' अशी नोंद त्यात बसतच नसे. त्यामुळे उदाहरणेही बेताची, धुऊन-पुसून ठेवलेली असत. खरा डेटा किती अस्ताव्यस्त असतो, हे मुलांना दिसायला वावच नव्हता.

2010 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या निधीतून यूसीएलए (कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजेलिस शाखा) आणि लॉस एंजेलिसचा शाळा-विभाग यांनी 'मोबिलाइझ' प्रकल्प सुरू केला. संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट गूल्ड आणि मार्क हॅन्सन त्यात होते. त्यातूनच पुढे 'इंट्रोडक्शन टू डेटा सायन्स' हा वर्षभराचा विषय आकाराला आला आणि 2014-15 मध्ये दहा शाळांत सुरू झाला. शिकवणारे गणिताचे शिक्षक, बहुतेकांना कोडिंगची सवय नाही. (आपल्याकडे सीबीएसईच्या बारावीत पांडाज, म्हणजे पायथन भाषेतले डेटा हाताळायचे साधन, शिकवतात, पण ते इन्फॉर्मॅटिक्स प्रॅक्टिसेसमध्ये, गणिताच्या तासाला त्याचा स्पर्श नाही.)

डेटा मुलांनीच फोनवरून गोळा करायचा. एका मोहिमेत खाऊच्या पाकिटाचा फोटो, कॅलरी, मीठ, साखर आणि तो का खाल्ला याचे कारण, एवढे नोंदवायचे. हे सगळे तपासायला निवडली 'आर', म्हणजे संख्याशास्त्रासाठीची प्रोग्रामिंग भाषा. तिचे मूळ बेल लॅब्जमध्ये 1976 मध्ये जन्मलेल्या 'एस'मध्ये. 1990 च्या दशकात ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 'आर' घडवली. ती फुकट आहेच, शिवाय 2011 मध्ये आलेले आरस्टुडिओ, म्हणजे 'आर'मध्ये काम करायचे सॉफ्टवेअर, सर्व्हरवर ठेवले की ब्राउझरमधून चालते. शाळेच्या लॅबमध्ये काहीही इन्स्टॉल करायला परवानगी लागते, म्हणून ही सोय निर्णायक.

खरी अडचण वेगळीच होती. मूळ 'आर'मध्ये एकच काम चार तऱ्हांनी लिहिता येते: कुठे डॉलरचे चिन्ह, कुठे चौकटी कंस. नवशिक्याला हे वैभव नको असते. म्हणून मोबिलाइझच्या पॅकेजात, म्हणजे 'आर'ला जोडायच्या तयार आज्ञांच्या संचात, एकच साचा ठेवला: आधी क्रियेचे नाव, मग कंसात टिल्डा (~ हे चिन्ह) आणि चल, शेवटी डेटाचे नाव. हिस्टोग्राम असो वा सरासरी, साचा तोच. दोन चलांचा संबंध पाहायचा तर एक टिल्डाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. हे सूत्रलेखन विल्किन्सन आणि रॉजर्स यांनी 1973 मध्ये मांडलेल्या चिन्हपद्धतीचे वंशज आहे.

तरीही चुका ठरलेल्या. 'आर'ला लहान-मोठे इंग्रजी अक्षर वेगळे वाटते. टिल्डा गळला की लाल संदेश येतो. त्याहून त्रासदायक चूक डेटातली असते. झोपेचे तास विचारले आणि एकाने '8' ऐवजी '8 तास' लिहिले, की सगळा रकाना मजकूर ठरतो आणि सरासरी निघत नाही. उपाय कोडमध्ये शोधण्यापेक्षा प्रश्नावलीत करावा: तो रकाना आधीच अंकांपुरता ठेवायचा. गाळलेली उत्तरे तर मूळ 'आर'मध्ये आणखी फसवी. रिकामी नोंद वगळायला सांगितले नाही, तर एका मुलाच्या मौनाने साऱ्या वर्गाची सरासरी 'एनए', म्हणजे 'उपलब्ध नाही', अशी येते.

कोडिंगचा सर्वांत मोठा फायदा अनुमानात दिसतो. दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का, हे पाहायला गटांची लेबले पिसायची, फरक मोजायचा आणि हे 500 वेळा करायचे. सूत्र पाठ न करताही योगायोग डोळ्यांसमोर उभा राहतो.

वाद पेटला तो मात्र बीजगणितावरून. कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2013 मध्ये हा विषय प्रवेशासाठी बीजगणित-2 च्या, म्हणजे शाळेतल्या वरच्या पातळीच्या बीजगणिताच्या, जागी चालेल असे मानले होते. जुलै 2023 मध्ये त्याच विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीने डेटा सायन्सला दिलेली ती मुभा काढून घेतली. आक्षेप टिल्डावर किंवा फोनवर नव्हता. बीजगणित-2 मधले घातांक आणि लॉगॅरिदम शिकायचे राहिले की कॅल्क्युलस अवघड जाते, आणि कॅल्क्युलसशिवाय डेटा सायन्सची पदवीच दूर राहते, असे विरोधकांचे म्हणणे होते.