माहिती अधिकार चळवळ (भारत)

शासकीय कागदपत्रे पाहण्याचा व त्यांच्या प्रती मिळवण्याचा कायदेशीर हक्क नागरिकांना मिळावा, यासाठी मजूर संघटना, पत्रकार, वकील, निवृत्त न्यायाधीश आणि काही सनदी अधिकारी यांनी १९९० च्या दशकात उभारलेली आघाडी. तिची परिणती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये झाली. न्यायालयांनी हा हक्क सर्वोच्च न्यायालयातील १९७५ च्या राज नारायण खटल्यापासूनच तत्त्वतः मानला होता; मात्र १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली वाढलेल्या कचेऱ्यांत त्याचा उपयोग शून्य होता.

चळवळीचा उगम मजुरीच्या तंट्यात आहे. राजस्थानातील देवडूंगरी या खेड्यात १९८७ साली माजी सनदी अधिकारी अरुणा रॉय, निखिल डे व शंकर सिंह राहायला आले आणि १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. दुष्काळी कामांवर किमान वेतन मागितले की कनिष्ठ अभियंत्याचे उत्तर ठरलेले असे: मोजमापात तेवढे काम भरत नाही. मोजमाप वही आणि हजेरीपट मात्र दाखवला जात नसे. हे कागद पाहिल्याशिवाय मजुरी मिळणार नाही, हे मजुरांनी ओळखले. ‘भ्रष्टाचार हटवा’ या मोघम घोषणेपेक्षा ही मागणी कितीतरी धारदार ठरली. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी झाली. अशा सुनावण्यांत हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचला जाई. मृतांची, गाव सोडून गेलेल्यांची नावे ऐकू येत आणि ज्यांच्या नावावर मजुरी उचलली गेली ते लोक समोरच उठून आपण कामावर नव्हतो असे सांगत.

राजस्थानचे मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी एप्रिल १९९५ मध्ये विधानसभेत अशा कागदांच्या नकला देण्याचे आश्वासन दिले, पण वर्षभराने निघालेल्या आदेशात कागद पाहण्याची मुभा होती, नक्कल नव्हती. कागद नुसता पाहून घरी परतलेल्या मजुराच्या हाती पुरावा उरत नाही, म्हणून ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावरच्या चांग गेटपाशी चाळीस दिवस धरणे चालले. खेड्यांतून धान्य आले, बाजारातून भाजी आली. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तेव्हा रूढ झाली. पुढच्या वर्षी जयपुरात त्रेपन्न दिवस धरणे दिल्यावर सरकारने सांगितले की पंचायतींच्या कागदांच्या नकलांबाबतची अधिसूचना सहा महिन्यांपूर्वीच निघालेली आहे. माहितीच्या हक्काची अधिसूचनाच दडून राहिली होती!

आघाडीचा राष्ट्रीय विस्तार १९९६ मध्ये स्थापन झालेल्या लोकांच्या माहिती अधिकारासाठीच्या राष्ट्रीय अभियानाने केला. भारतीय प्रेस परिषदेचे अध्यक्ष न्या. पी. बी. सावंत यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी कायद्याचा मसुदा तयार झाला. घटकांची गरज वेगवेगळी होती: मजुराला हजेरीपट, पत्रकाराला बातमी, वकिलाला पुरावा. या सर्वांना एकच कलम उपयोगी पडणार असल्याने विचारसरणीचे मतभेद बाजूला ठेवणे त्यांना जड गेले नाही.

राज्यांमध्ये तमिळनाडू व गोवा यांनी १९९७ साली कायदे केले. महाराष्ट्रात २००० सालचा दुबळा कायदा अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्याने मागे पडून २००२ चा अधिक सक्षम कायदा आला. केंद्राचा २००२ चा माहिती स्वातंत्र्य कायदा मात्र अंमलात आलाच नाही. २००४ च्या सत्तांतरानंतर केंद्र सरकारला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेत अरुणा रॉय व अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांना स्थान मिळाले आणि आघाडीच्या सूचना थेट विधेयकापर्यंत पोचल्या. नवा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. तीस दिवसांत उत्तर, आणि विनाकारण विलंब केल्यास अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड ही त्याची खरी ताकद होय.

पुढील काळात, माहिती न मिळाल्यास अपील ऐकणाऱ्या माहिती आयुक्तांच्या पदाच्या मुदती व वेतन ठरवण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राकडे गेला. सहा राष्ट्रीय पक्षांना हा कायदा लागू असल्याचा निर्णय केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये दिला होता. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या या पक्षांनी तो जुमानला नाही.